धाप लागते ती एकट्या फुफ्फुसांमुळे नाही

फुफ्फुसांचा जुनाट आजार असलेल्या माणसाला जिना चढताना धाप लागली की सगळा दोष फुफ्फुसांवर जातो. पण सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या अशाच एका जुनाट आजाराच्या) रुग्णांना चालता चालता का थांबलात असं विचारलं, तर ‘मांड्या भरून आल्या’ असंही अनेकजण सांगतात. दम लागतो म्हणून हालचाल कमी होते आणि स्नायू बारीक होत जातात. अशक्त स्नायूत लॅक्टिक आम्ल लवकर तयार होतं. त्याचा निचरा करायला श्वास आणखी वाढतो, आणि आधीच थकलेल्या फुफ्फुसांना तो झेपत नाही.

त्यात स्टिरॉइडच्या गोळ्यांची भर पडते. श्वासनलिकांची सूज उतरवायला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड कित्येकदा लागतंच. मात्र ते महिनोन्‌महिने चालू राहिलं तर स्नायूंतली प्रथिनं झपाट्याने मोडू लागतात, नवी कमी बनतात. झटकन जोर लावणारे तंतू आधी झिजतात, तेही मांड्या, कंबर आणि खांद्यांजवळचे. मग खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो, वरच्या फळीवरचा डबा काढणं जड जातं. रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) बहुधा नॉर्मलच असतं, त्यामुळे ही झीज रिपोर्टमध्ये दिसत नाही. डॉक्टरांना ती आपणहून सांगायलाच हवी.

पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे फुफ्फुसांच्या रुग्णांसाठीचा देखरेखीखालचा व्यायामाचा कार्यक्रम, साधारण ६ ते १२ आठवडे चालतं, आठवड्यातून दोन-तीनदा. माझं ठाम मत आहे की स्टिरॉइड घेणाऱ्यांना नुसतं चालणं पुरत नाही, ताकदीचे व्यायाम हवेतच. खुर्चीतून उठ-बस हा त्यातला अगदी साधा. हात छातीवर, पाय जमिनीवर घट्ट; उठताना ओठांचा चंबू करून श्वास हळूहळू सोडायचा, बसताना धपकन न बसता सावकाश टेकायचं. दम ० ते १० च्या मोजपट्टीवर ४ ते ६ च्या दरम्यान असावा. एवढी धाप धोक्याची नसते, पण ती सोसायची सवय देखरेखीखालीच लावून घ्यावी.

स्टिरॉइडमुळे हाडंही ठिसूळ होतात, पहिल्या काही महिन्यांत तर सर्वात वेगाने. म्हणून कमरेतून वाकून वजन उचलणं टाळावं. आणि स्नायूंच्या काळजीपोटी गोळ्या मनाने बंद करू नयेत: शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीरात बनणारं नैसर्गिक स्टिरॉइड) तेव्हा मंदावलेलं असतं, गोळ्या अचानक थांबवल्या तर जिवावर बेतू शकतं.

रिहॅबनंतरही स्पायरोमेट्रीचे (फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे सहसा होते तिथेच राहतात. फरक दिसतो तो सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत. तिथे सुमारे ३० मीटर अंतर वाढलं, तरी रुग्णाला जाणवेल एवढी ती सुधारणा असते.