लिटर निराळा, किलो निराळा

मे महिना जवळ आला की आमच्याकडं एकच प्रश्न फिरत येतो. "मामा, ट्रेकला साठ लिटरची सॅक घेऊ का सत्तरची?" विचारणारा कधी भाचा असतो, कधी त्याचा मित्र, कधी त्या मित्राची बहीण. सचखंड एक्सप्रेसचं तिकीट निघालेलं असतं, दिल्लीच्या पुढचा पहाड ठरलेला असतो, बूटसुद्धा आलेले असतात. मी विचारतो, "ओझं किती किलोचं होणार?" समोरून उत्तर येतं, "सांगितलं ना, साठ लिटर."

हे ऐकून ऐकून कान किटले.

खरं तर हा फरक मराठवाड्यातल्या माणसाला शिकवायची वेळ येऊ नये. एक बारदान घ्या. त्यात कापूस दाबून भरला तर पोरगंही उचलून ट्रॉलीत फेकतं. त्याच बारदानात ज्वारी भरली की मोंढ्यातला हमाल बोलवावा लागतो. पायलीनं धान्य मोजणाऱ्या आमच्या आजीला ज्वारीची पायली आणि करडईची पायली वजनाला सारखी भरत नाही हे कुणी शिकवलं नव्हतं. लिटर म्हणजे पायली, किती मावतं ते सांगणारी. किलो म्हणजे काटा. सॅकच्या बाबतीत स्लीपिंग बॅग हा कापूस. साधी फायबरची घेतली तर १०-१२ लिटर जागा खाते आणि वजनाला दीड किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच जागेत पाणी भरलं तर १०-१२ किलो.

लिटरचं एवढंच. तंबू-स्वयंपाक दुसऱ्याकडं असेल तर दोन-तीन मुक्कामांना ४० ते ५० लिटर भरपूर. सगळं आपल्याच पाठीवर आणि थंडीही कडक असेल तर ५५ ते ६५. "पुढं कधीतरी लागेल" म्हणून ७५ची घेणाऱ्यांना मी हात जोडतो, कारण रिकामी जागा दिसली की घरातल्यांचा हात थांबत नाही. शिवाय मोठी सॅक रिकामीच दोन-अडीच किलोची असते.

आता खरी गोची. लिटरचा आकडा सॅकवर ठळक छापलेला असतो. ती किती किलो नीट पेलेल, हे बहुतेक सॅकांवर लिहिलेलंच नसतं. म्हणून लोक एकावरून दुसरं ताडतात आणि तिथंच फसतात. दुकानात ५० लिटरच्या दोन सॅक शेजारीशेजारी टांगलेल्या असतात. एकीची पाठ उशीसारखी मऊ, कमरेला नुसती फीत. दुसरीच्या पाठीत ॲल्युमिनियमची पट्टी किंवा ताठ पत्रा आणि कमरेला तळहाताएवढा रुंद, गादी भरलेला पट्टा. लिटर सारखेच. पण १२ किलो घातले की पहिली खांद्याला लोंबकळते आणि दुसरी कमरेवर बसते.

कमरेवर का, हे आपल्याकडच्या बायकांना विचारा. डोक्यावर हंडा असतो आणि दुसरी घागर खांद्याला न अडकवता कमरेच्या हाडावर टेकवलेली असते. भार हाडावर आला की तो सरळ पायांत उतरतो. खांद्यावर मात्र स्नायू आहेत, शिरा आहेत. तिथं पट्टा रुतला की आधी मान धरते, मग हाताला मुंग्या येतात. ताठ पाठ आणि जाड कंबरपट्टा मिळून ओझ्याचा मोठा वाटा खांद्यावरून कमरेवर नेतात. ट्रेकची सॅक आणि कॉलेजचं दप्तर यात माझ्या लेखी हाच एक फरक. बाकी कप्पे, चेन, रंग, शिट्टी लावलेलं बक्कल, त्याचं काय घेऊन बसायचं!

पण पट्टा असून भागत नाही, तो जागेवर बसावा लागतो. दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागं. बोटांना लागतं ते हाडाचं वरचं काठ. पट्ट्याची गादी या काठावर मध्यावर बसली पाहिजे, अर्धी वर, अर्धी खाली. निम्मे लोक तो पोटावर बांधतात, जेवल्यावर सैल करतात आणि मग म्हणतात, या पट्ट्याचा काही उपयोग नाही. होईल कसा? चढवताना आधी सगळे पट्टे ढिले करायचे, मग कंबरपट्टा आवळायचा, मग खांद्याचे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडं जाणारे छोटे बंद, शेवटी छातीचा. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली तर जमलं.

आता दुकानदारही चुकतात ती गोष्ट. सॅकचं माप उंचीवर नसतं, पाठीच्या लांबीवर असतं. मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक मणका टेकाडासारखा वर येतो. तिथून खाली, कमरेवरच्या दोन अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत शिंप्याचा टेप सोडायचा, पाठीच्या वळणाबरोबर. आला तो आकडा तुमचा. आमचा भाचा पाच फूट अकरा इंच, त्याचा मित्र पाच फूट सहा. दोघांची पाठ ४६ सेंटिमीटर! भाच्याची सगळी उंची पायात गेलेली. त्याला उंची बघून मोठ्या मापाची सॅक दिली असती तर पट्टा मांड्यांकडं उतरला असता. लांब पाठीच्या माणसाला आखूड सॅक दिली तर तो पोटावर चढतो. दोन्हीकडं भार परत खांद्यावर, म्हणजे जाड पट्ट्याचे पैसे पाण्यात.

सॅक घ्यायला जाताना मी पाच-पाच किलो तांदळाच्या दोन थैल्या सोबत नेतो. त्या आत टाकायच्या, पट्टे आवळायचे आणि दुकानातच पंधरा मिनिटं फिरायचं. दुकानदार हसतो, हसू दे. रिकामी सॅक आरशात सगळ्यांनाच शोभते.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. माझी पहिली सॅक ७५ लिटरची, मऊ पाठीची, एका दुकानदारानं "हिच्यात घर मावतं साहेब" म्हणत गळ्यात मारलेली. हरिश्चंद्रगडाला निघालो तेव्हा खरंच घर भरलं: दोन चादरी, स्टीलचा डबा, तीन दिवसांचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, वर बॅटरी. उतरताना डाव्या हाताची करंगळी बधिर झाली, ती दोन दिवसांनी जागी झाली. घरी येऊन सॅक काट्याला लावली तर खाणं-पाणी संपल्यावरही १६ किलो. माझं वजन तेव्हा ६२.

भरलेल्या सॅकचं वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापुढं जाऊ नये, असा साधा ठोकताळा आहे. ६० किलोच्या माणसाला १२. यात पाणी धरायचं. "माझी सॅक फक्त ९ किलो" म्हणून मिरवणारे नेमकं पाणी आणि खाणं सोडून मोजतात. नुसत्या सामानाचं वजन वेगळं काढावं, ते कामाचंही आहे, कारण ते दिवसागणिक घटत नाही. पण पाठीला ते एकटं कधी भेटत नाही. एक लिटर पाणी एक किलो, आणि लिटर-किलोचं जमतं ते फक्त इथंच.

पाण्यावरून आपली एक खोड. मार्चनंतर कन्नडकडं, गौताळ्याच्या जंगलाच्या किंवा अंतूर किल्ल्याच्या बाजूला फिरायचं तर ओढे आटलेले असतात. चार लिटर घेऊन निघणं शहाणपणाचं. हिमालयात बऱ्याच वाटांवर झरे लागतात. पाणी शुद्ध करायची सोय जवळ असली आणि पुढच्या झऱ्याची चौकशी केलेली असली की दीड-दोन लिटरवर दिवस निघतो. पण आपण टँकरच्या रांगेत वाढलेली माणसं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते बघितलेली. झऱ्याच्या काठावर उभं राहूनही पाच लिटर पाठीवर घेतो. तीन किलो फुकटचं ओझं, नुसत्या धास्तीचं.

भरताना स्लीपिंग बॅग तळाला, जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये, हलकं बाहेरच्या बाजूला. जड मागं गेलं की गाडी उलाळ होते तसा माणूस चढावर मागं ओढला जातो. बाहेर चहाचा मग आणि चपला बांधून घुंगरमाळेसारखं वाजत जाणाऱ्यांच्या मागं मी चालत नाही. आणि पावसाचं कव्हर पाठीकडून उघडंच असतं. आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला, मग भरा.

यंदा भाच्याला मळ्यात बोलावलं. कापूस वेचणीचा ताणकाटा कडुनिंबाच्या फांदीला टांगला आणि मित्राकडून आणलेली त्याची भरलेली सत्तरची सॅक आकड्याला लावली. साडेसोळा. त्याचं वजन ६४. सामान ओसरीवर ओतलं. दोन जीन्स, दोन पॉवर बँक, शाम्पूची मोठी बाटली आणि तळाशी पत्र्याच्या डब्यात शंकरपाळे.

"असू दे की," ताई म्हणाली, "पोरगं उपाशी राहील."

"ताई, त्यांना तिथं जेवण आहे."

डबा ताईनं उचलला, पण मूठभर शंकरपाळे पिशवीत बांधून परत दिलेच. ते मी काढले नाहीत. दोन लिटर पाणी धरून काटा १२ वर आला. मग किराणा दुकानातून साबणाचं खोकं आणलं, ४० बाय ३० बाय ४० सेंटिमीटरचं, आणि उरलेलं सगळं त्यात रचायला लावलं. झाकण जेमतेम लागलं. तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून हजारानं भागायला सांगितलं, म्हणजे लिटर निघतात.

"अठ्ठेचाळीस," तो म्हणाला.

"मग आता टेप घे आणि पाठ कर इकडं."