एअरटाइम, ब्लॉक, क्रेडिट: रोलर कोस्टरवाल्यांची भाषा आली कुठून

खोपोलीजवळ २०१३ ला इमॅजिका सुरू झालं आणि कोकणातल्या पोरांना खराखुरा मोठा कोस्टर हाताशी आला. त्याआधी गोराईचं एस्सेलवर्ल्ड होतंच १९८९ पासून, मार्वेहून फेरी बोटीने खाडी ओलांडून जायचं, पण ते मुंबईवाल्यांना सोयीचं. खोपोली म्हणजे पेण-रोह्याहून सकाळी निघून रात्री जेवायला घरी. आता इमॅजिकातल्या नायट्रो कोस्टरवरून उतरलेल्या दहा जणांतल्या एकाला तरी नाद लागतोच, तो मोबाइलवर जगभरातल्या कोस्टरचे पीओव्ही बघत बसतो (पीओव्ही म्हणजे पहिल्या सीटवरून दिसतं तसं केलेलं शूटिंग), मग जुन्या नादिष्टांचं बोलणं वाचायला जातो आणि तिथे गाडी अडते. ‘इजेक्टर भारी होता पण एमसीबीआरवर ट्रिम जोरात, वर स्टॅकिंग चालू’ असं कुणी लिहिलेलं असतं आणि यातलं एक अक्षर कळत नाही.

अशा नवीन माणसाला सगळे शब्दांची यादी देतात. मला ते पटत नाही. यादी चार दिवसांत विसरायला होते. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठल्यातरी ठराविक मशीनमधून, ठराविक अडचणीतून आलाय, ती अडचण काय होती ते कळलं की शब्द आपोआप बसतो. म्हणून काळाच्या क्रमाने जाऊया.

सुरुवात रशियात. सतराव्या-अठराव्या शतकात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास लाकडी उतारावर बर्फ गोठवून त्यावरून घसरायचे. ही आवड फ्रान्समध्ये गेली, १८१७ ला पॅरिसमध्ये चाकं रुळाला धरून राहतील अशा गाड्या आल्या, आणि अजूनही फ्रेंच लोक कोस्टरला ‘रशियन डोंगर’च म्हणतात. गंमत म्हणजे रशियात त्यालाच ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात. पण आजची भाषा बर्फातून आलेली नाही, ती आली रेल्वेतून. आणि हे आपल्याकडच्या माणसाला समजायला सगळ्यात सोपं आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मॉक चंक नावाच्या गावी १८२७ ला कोळसा उतरवायला एक रेल्वे बांधली. भरलेले डबे उतारावरून आपल्या वजनाने खाली यायचे आणि रिकामे डबे खेचरं ओढून वर न्यायची, उतरताना ती खेचरंही डब्यात बसून यायची. पुढे वर ओढायला वाफेची इंजिनं बसवली. कोळशाचं काम दुसऱ्या मार्गाने व्हायला लागलं तरी लोक पैसे देऊन नुसतं बसायला येत राहिले. त्याचं नाव स्विचबॅक रेलरोड. ते बघून लमार्कस थॉम्पसन याने १८८४ ला न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर समुद्रकिनारी ‘स्विचबॅक रेल्वे’ काढली, तिकीट ५ सेंट, वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास. जिने चढून मनोऱ्यावर जायचं, गाडीत बसून पलीकडच्या मनोऱ्यापर्यंत यायचं, तिथे उतरायचं, माणसं गाडी ढकलून वर घेणार, रूळ बदलणार आणि मग परत. म्हणजे पुढे जाऊन दिशा बदलायची. आपल्या बोरघाटात १८६३ ला रेल्वे सुरू झाली तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं, गाडी तिथे थांबायची, उलट्या तोंडाने पुढचा चढ चढायची. डोंगर तोच प्रश्न विचारतो म्हणून उत्तरही तेच निघालं. आणि नायट्रो उभा आहे तो याच घाटाच्या पायथ्याशी, हे मला दर वेळी भारी वाटतं.

थॉम्पसनच्या पाठोपाठ वर्षभरातच दुसऱ्यांनी रूळ गोल जोडून घेतला आणि साखळीने गाडी बसल्या माणसांसकट वर ओढायची सोय केली. तो चढ म्हणजे लिफ्ट हिल. गाडीला ट्रेन, चढायच्या जागेला स्टेशन, गाडी सोडण्याला डिस्पॅच, हे सगळं रेल्वेचं.

आता सगळ्यात महत्त्वाचा माणूस, जॉन मिलर. शंभराच्या आसपास पेटंटं याच्या नावावर सांगतात, पण नवीन माणसाला दोनच कळली तरी खूप झालं. पहिलं म्हणजे लिफ्टवर जे कट-कट-कट-कट ऐकू येतं ते. साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये म्हणून गाडीखालचा खटका पट्टीच्या दातांवरून अडकत अडकत वर जातो, त्याला अँटी-रोलबॅक म्हणतात. लोकांना तो आवाज ऐकून धडकी भरते, खरं तर तो सुरक्षेचा आवाज आहे.

दुसरं त्याहून मोठं. तोपर्यंतच्या गाड्या नुसत्या रुळावर ठेवलेल्या असायच्या, बाजूला घासणारी चाकं असायची पण गाडी वर उचलली गेली तर तिला धरायला काहीच नाही. अशांना साइड-फ्रिक्शन कोस्टर म्हणतात. काहींवर गाडीतच एक ब्रेकमन उभा असायचा, कुठे किती वेग ठेवायचा ते तो हाताने ठरवायचा. मेलबर्नच्या लुना पार्कमधल्या १९१२ च्या कोस्टरवर ब्रेकमनचीच पद्धत टिकली. पेनसिल्व्हेनियात लीप-द-डिप्स नावाचा १९०२ चा आहे, उंची जेमतेम ४१ फूट, आज उभ्या असलेल्यांत सगळ्यात जुना. मिलरने १९१९ च्या सुमाराला रुळाच्या खालच्या बाजूलाही चाक लावलं. वरचं चाक भार घेतं, बाजूचं दिशा धरतं आणि खालचं गाडीला उडू देत नाही, याला अपस्टॉप व्हील म्हणतात. हे एक चाक आलं आणि कोस्टरचा स्वभावच बदलला, कारण आता टेकडीच्या माथ्यावरून गाडी इतक्या वेगाने काढता येऊ लागली की माणूस सीटवरून सुटतो.

तेच एअरटाइम. गाडी खाली वळते, शरीर मात्र आधीच्या दिशेनेच जात राहायला बघतं, म्हणून पोटात गोळा येतो आणि मांडीवरचा बार लागतो. अलगद तरंगल्यासारखं झालं तर फ्लोटर, सीटवरून कुणी उपटून फेकल्यासारखं झालं तर इजेक्टर. न्यू जर्सीतला २००६ चा एल तोरो हा लाकडी कोस्टर इजेक्टरसाठी नावाजलेला. लागोपाठ छोट्या टेकड्या आल्या तर बनी हॉप, मोठी एकटी टेकडी असेल तर कॅमलबॅक. ऑपरेटरने बार इतका दाबला की हलताच येत नाही, तर ‘स्टेपल केलं’ म्हणतात. नादिष्ट लोक लूपपेक्षा (रुळाचा उभा गोल, ज्यात गाडी उलटी होते) एअरटाइमवर जास्त का बोलतात हे नव्याला कळत नाही. मला विचाराल तर कोस्टरचा जीव एअरटाइमच आहे, उलटं होणं दोनदा झालं की सवयीचं होतं, सीट सोडून वर जाण्याची सवय कधी होत नाही.

१९२० चं दशक हे लाकडी कोस्टरचं सुवर्णयुग, कोनी आयलंडचा सायक्लोन १९२७ चा. मग मंदी आणि युद्ध, शेकडो कोस्टर मोडीत गेले.

पुढचा टप्पा डिस्नेलँड, १९५९, मॅटरहॉर्न नावाचा कोस्टर. नळीसारखा स्टीलचा रूळ तिथे आला, त्याने हवी तशी वळणं शक्य झाली. दुसरी गोष्ट कमी दिसते पण शब्दांच्या बाजूने मोठी आहे: एकाच रुळावर एका वेळी अनेक गाड्या, आपोआप नियंत्रणात. ते होतं ब्लॉक पद्धतीने. रुळाचे तुकडे पाडायचे, एका तुकड्यात एकच गाडी, पुढचा तुकडा रिकामा होईस्तोवर मागची थांबणार. कोकण रेल्वेने जाणाऱ्याला हे शिकवायला नको, सिंगल लाइनवर क्रॉसिंगसाठी कुठल्यातरी छोट्या स्टेशनात गाडी उभी, समोरची येऊन गेल्याशिवाय सिग्नल नाही, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. कोस्टरवर गाडी थांबवता येईल अशी जागा लागते, ती मधल्या भागात असली की तिला मिड-कोर्स ब्रेक रन म्हणतात, तोच तो एमसीबीआर. पूर्ण न थांबवता नुसता वेग खाणारे ब्रेक ते ट्रिम. आणि स्टेशनात बॅगा ठेवण्यात, बार तपासण्यात वेळ गेला की आधीच्या फेरीची गाडी बाहेर ब्रेकवर ताटकळते, हे स्टॅकिंग. वरचं वाक्य आता उलगडलं असेल.

लूपचा इतिहास मात्र आधी फसण्याचा आहे. १८९५ ला कोनी आयलंडवरच फ्लिप फ्लॅप नावाचा लूप होता, पूर्ण गोल, आणि बसणाऱ्यांच्या मानेला असे हिसके बसायचे की तो फार टिकला नाही. कारण साधं गणित आहे. अगदी गोल लूपमध्ये माथ्यावर गाडी जेमतेम टेकून राहील एवढाच वेग धरला तरी खाली शरीरावर ६ जी येतात, म्हणजे वजनाच्या सहापट, आणि तेही सरळ रुळावरून गोलात शिरल्या क्षणी एकदम. १९७५ ला कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मवर कॉर्कस्क्रू नावाचा उलटा होणारा कोस्टर यशस्वी झाला, १९७६ ला तिथल्याच मॅजिक माउंटन पार्कात रेव्होल्यूशन आला, अँटोन श्वार्झकोफने बांधलेला, वर्नर स्टेंगल या जर्मन इंजिनिअरच्या गणितावर. त्याचा लूप थेंबासारखा आहे, खाली रुंद, वर अरुंद, कारण वळण हळूहळू आवळत जातं. याला क्लोथॉइड म्हणतात. रेल्वे आणि हायवेच्या वळणांना सरळातून गोलात नेताना हाच विचार असतो, म्हणजे इथेही रेल्वे आहेच.

एकदा उलटं होणं जमलं आणि नावांचा पूर आला. बरीचशी नावं विमानांची. इमेलमान म्हणजे अर्धा लूप चढून वर अर्धी गिरकी घेऊन बाहेर पडायचं, नाव पहिल्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिक माक्स इमेलमान याचं. तेच उलट क्रमाने केलं की डाइव्ह लूप. झिरो-जी रोलमध्ये गिरकी घेताना वजन नाहीसं झाल्यासारखं वाटतं. कोब्रा रोल समोरून बघितला की नागाच्या फण्यासारखा दिसतो, त्यात दोनदा उलटं व्हायला होतं. आणि स्टेंगलच्या नावाने स्टेंगल डाइव्ह आहे, नव्वद अंशांच्या पलीकडे कललेलं पण पूर्ण उलटं न होणारं वळण. एवढी पाच-सहा पुरे आहेत, बाकीची बघता बघता येतात.

उंचीची नावं लवकर उरकतो कारण ती मुळात जाहिरातीची आहेत. ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्कने १९८९ ला मॅग्नम एक्सएल-२०० काढला, २०० फुटांच्या वर, तो हायपर. तिथेच २००० ला मिलेनियम फोर्स ३१० फूट, तो गिगा. २००३ ला पुन्हा तिथेच टॉप थ्रिल ड्रॅगस्टर ४२० फूट, तो स्ट्राटा. त्याच्यावर न्यू जर्सीचा किंगडा का, २००५, ४५६ फूट, २०२५ ला स्फोटाने पाडला. हे शेवटचे दोघे लाँचवाले, साखळी नाहीच, गाडी सपाट रुळावरून फेकायची. जोर कमी पडला की ती टोक न गाठता उलटी येते, ते रोलबॅक. आणि साध्या कोस्टरवर वेग संपून गाडी दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात अडकली की ‘व्हॅली झाली’ म्हणतात.

आपला नायट्रो यातल्या कुठल्याच उंचीच्या खणात बसत नाही, तो साधारण १३० फुटांचा. त्याची जात वेगळी: फ्लोअरलेस. स्विस कंपनी बॉलिगर अँड माबियार, नादिष्टांच्या तोंडी बी अँड एम, तिने १९९९ ला न्यू जर्सीत मेडुसा नावाचा पहिला फ्लोअरलेस बनवला, नायट्रो त्याच घराण्यातला, पाच वेळा उलटा होणारा. स्टेशनात पायाखालची फरशी बाजूला होते, समोरचं गेट उघडतं आणि पाय लोंबकळत राहतात. शोधताना एक काळजी घ्या, त्याच न्यू जर्सीच्या पार्कात नायट्रो नावाचाच दुसरा एक बी अँड एम आहे, तो २३० फुटी हायपर, त्यात एकदाही उलटं व्हायला होत नाही. आपल्या पोरांची दोन्हीत हमखास गल्लत होते.

एवढे सगळे शब्द एकत्र नांदायला माणसं लागतात. १९७८ ला अमेरिकन कोस्टर एन्थुझिअॅस्ट्स ही संस्था निघाली, लाकडी कोस्टर पडत होते ते वाचवण्याची धडपड तिच्या मुळाशी होती. लीप-द-डिप्स १९८५ ला बंद पडलेला, १९९९ ला दुरुस्त होऊन परत धावला, यामागे अशाच लोकांची वर्षानुवर्षांची खटपट आहे आणि मला या सगळ्या छंदातली सर्वात मोलाची गोष्ट तीच वाटते. सदस्यांसाठी पार्क सकाळी लवकर उघडून देतात, त्याला ईआरटी म्हणतात. बाकी जनता म्हणजे जीपी, हा शब्द मला आवडत नाही, त्यात उगाच तुच्छता येते, पण वाचताना भेटेल म्हणून सांगितला. अलीकडचं म्हणजे आरएमसी, ही कंपनी जुन्या लाकडी सांगाड्यावर स्टीलचा रूळ बसवते, टेक्सासमधला २०११ चा न्यू टेक्सास जायंट हा तिचा पहिला, तिथून हायब्रिड हा शब्द रुळला.

राहता राहिलं क्रेडिट. आयुष्यात जेवढ्या वेगवेगळ्या कोस्टरवर बसलात तेवढी तुमची क्रेडिट्स, एकावर पन्नासदा बसलात तरी एकच. १९९६ ला रोलर कोस्टर डेटाबेस सुरू झाला, जगातल्या कोस्टरची नोंद एका जागी आली आणि ही मोजणी फोफावली. लहान मुलांच्या कोस्टरचं क्रेडिट घ्यायचं की नाही यावर लोक तावातावाने भांडतात, घ्यावं असं माझं मत. आपल्याकडे पोरं एक प्रश्न नेहमी विचारतात की आंगणेवाडीच्या किंवा कुणकेश्वरच्या जत्रेत आकाशपाळण्याच्या बाजूला ड्रॅगनचं तोंड लावलेली छोटी गाडी गोल गोल फिरते ती मोजायची का. तिची मोटर बघा. फेरीभर मोटरच ओढत असेल तर ती पॉवर्ड कोस्टर, बरेच जण ती धरत नाहीत, मीही नाही. पण एकदा वर नेऊन सोडून दिलेली असेल आणि पुढे आपल्या वजनाने येत असेल, तर माथा माणसाच्या उंचीएवढा का असेना, ती लिहा.