प्रवाळांच्या सांगाड्यातून मॉन्सूनचा माग

हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले आणि शिवाजीनगरच्या त्या चौकाला सिमला ऑफिस हे नाव कायमचे चिकटले. पावसाचे जुने आकडे या शहराला नवे नाहीत. पण दीडेकशे वर्षे मागे गेलो की हात टेकावे लागतात; खातेच मुळी १८७५ चे. शिवाय हे आकडे जमिनीवरचे. मॉन्सून जिथे घडतो त्या समुद्राच्या तापमानाच्या जुन्या नोंदी जहाजांच्या वाटेवरच्या, त्याही तुटक. ही उणीव बऱ्याच अंशी प्रवाळांनी भरून काढली.

अंगठीतले लाल पोवळे ते हे नव्हे. उथळ, उबदार पाण्यात बेटे उभारणारे प्रवाळ हे वसाहतीने राहणारे चिमुकले सागरी प्राणी; ते ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रचत जातात. अशा कार्बोनेटमधल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण पाण्याच्या तापमानावर ठरते, हे रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये मांडले. पाणी तापले की सांगाड्यात जड ऑक्सिजन कमी उतरतो.

तापमान कळेल, पण ते कोणत्या वर्षाचे? याचे उत्तर अणुचाचण्यांनी दिले. प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक बेटांवर अमेरिकेने १९४८ ते १९५८ या काळात अणुस्फोट केले. तिथल्या प्रवाळांच्या कापांचे क्ष-किरण चित्र काढल्यावर दाट आणि विरळ पट्टे दिसले. स्फोटांचा किरणोत्सारही सांगाड्यात थरांच्या रूपाने अडकला होता. स्फोटांची वर्षे ठाऊक होती. तिथून पट्टे मोजत आल्यावर दरवर्षी एक जोडी भरते हे १९७२ मध्ये सिद्ध झाले. ज्या स्फोटांनी ती बेटे उद्ध्वस्त केली, त्यांच्याच खुणेवर हे कालमापन उभे आहे, याची टोचणी राहतेच.

पोराइटिस जातीचा प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. पाण्याखाली त्याला ड्रिल लावून लांब दंडगोल काढतात आणि भोक बुजवतात, म्हणजे वसाहत जगते. मग दंडगोलाचा पातळ काप घेऊन, दंतवैद्याकडे असते तशा बारीक ड्रिलने मिलिमीटरगणिक भुकटी खरवडतात. एक मिलिमीटर म्हणजे जेमतेम महिना-सव्वा महिना. भुकटीवर फॉस्फोरिक आम्ल घातले की निघणारा कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे जड आणि हलके अणू वेगळे मोजणाऱ्या यंत्रात जातो.

अडचण एकच, पण मोठी: पाऊस आणि बाष्पीभवन यांनीही पाण्यातले जड आणि हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण बदलते. मॉन्सूनच्या समुद्रात तर हा गोंधळ ठरलेला. म्हणून स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियमच्या गुणोत्तराची जोड घेतली गेली. तेही पाणी तापले की उतरते, पण पावसाने फारसे हलत नाही. १९९२ पासून हे मोजमाप पुरेसे काटेकोर झाले. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की तापमान आणि पाऊस वेगळे काढता येतात.

भारतात लक्षद्वीपच्या प्रवाळांवर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत काम झाले. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतही सागाच्या वाढीच्या वलयांबरोबर प्रवाळांचा अभ्यास झाला आहे. १९९८ पासून लक्षद्वीपचे प्रवाळ उष्णतेने पुन्हा पुन्हा पांढरे पडत आहेत. वसाहत मेली की तिची नोंद तिथेच थांबते, आणि हे नुकसान भरून येण्यासारखे नाही.

जुन्या मृत प्रवाळांचे वय मात्र युरेनियम-थोरियम पद्धतीने, म्हणजे त्यातल्या युरेनियमपासून किती थोरियम तयार झाले ते मोजून, काढता येते. सुमात्राजवळच्या अशा नमुन्यांवरून २०२० मध्ये इंडियन ओशन डायपोलचा (आयओडी), म्हणजे हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांतल्या तापमानाच्या झोक्याचा, तेराव्या शतकापर्यंतचा तुटक इतिहास मांडला गेला. त्यात टोकाच्या धन घटना, म्हणजे पश्चिमेचे पाणी नेहमीपेक्षा उबदार आणि पूर्वेचे थंड असण्याच्या, दहा, आणि त्यांपैकी चार गेल्या साठ वर्षांतल्या. एक मात्र आपल्या काळातल्या १९९७ च्या घटनेहूनही तीव्र होती: १६७५ ची, शिवराज्याभिषेकाच्या पुढच्याच वर्षाची.

२०१९ मध्येही आयओडी असाच टोकाला गेला, आणि मॉन्सूनची माघार ९ ऑक्टोबरला सुरू झाली, तोवरच्या नोंदींत सर्वांत उशिरा. त्या २५ सप्टेंबरच्या रात्रीचा आंबिल ओढ्याचा पूर पुणेकर विसरलेले नाहीत. एका रात्रीचा पाऊस एकट्या आयओडीच्या माथी मारणे बरोबर नाही. पण असे हंगाम किती वर्षांनी येत आणि आता किती वर्षांनी येतात, हे प्रवाळांवाचून सांगता आले नसते.