लिनक्सवर बाहेरून आणलेले गेम: कुठे शोधावेत, आणि सुडो का लावू नये

आमच्याकडून लिनक्स बसवून घेतलेल्या ग्राहकांची एक तक्रार वारंवार येते. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाबाहेरून उतरवलेला गेम पहिल्या दिवशी चालला, पण नंतर तो उघडेना, त्याचा आवाज बंद झाला किंवा साठवलेली प्रगती नाहीशी झाली. अशा संगणकांवर बहुतेक वेळा गेममध्ये दोष नसतो, तर तो सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने प्रोग्रॅम चालवणारी कमांड) लावून चालवलेला असतो. हे कसे टाळावे आणि गेम कुठून आणावेत, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

गेम शोधताना सुरुवात आपल्या वितरणाच्या (म्हणजे उबुंटू, डेबियन अशा आपण वापरत असलेल्या लिनक्सच्या प्रकाराच्या) सॉफ्टवेअर भांडारापासूनच करावी. सुपरटक्सकार्ट, वॉरझोन २१००, १९९६ पासूनचा फ्रीसिव्ह, २००३ पासूनचा बॅटल फॉर वेसनॉथ हे गेम प्रमुख वितरणांच्या भांडारांत मिळतात आणि तिथून घेतले की लागणारी लायब्ररी (गेमला चालण्यासाठी लागणाऱ्या सहाय्यक फायली) आपोआप येते. अडचण एवढीच, की डेबियनसारख्या स्थिर वितरणात आवृत्ती जुनी असू शकते. एकट्याने खेळताना त्याने काही बिघडत नाही, पण झिरो एडी इतरांबरोबर खेळायचा असेल तर सर्वांकडे एकच आवृत्ती लागते. अशा वेळी फ्लॅटहब या सर्व वितरणांसाठीच्या ऑनलाइन भांडारावरची नवी आवृत्ती घ्यावी. मात्र फ्लॅटपॅकने (फ्लॅटहबवरचे प्रोग्रॅम बसवणाऱ्या व्यवस्थेने) बसवलेला गेम आपली माहिती तुमच्या होममधल्या, म्हणजे तुमच्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या, लपलेल्या ‘डॉट वार’ फोल्डरमध्ये ठेवतो, त्यामुळे भांडारातल्या गेमची जुनी प्रगती तिथे आपोआप दिसत नाही. ती पुसली गेलेली नसते, फक्त हलवावी लागते.

छोट्या निर्मात्यांचे नवे आणि प्रयोगशील गेम पाहायचे असतील तर इच डॉट आयओ हे संकेतस्थळ ही सर्वांत समृद्ध जागा आहे, असे आमचे मत आहे. तिथे लिनक्सची चाळणी लावता येते आणि गेमखाली पेंग्विनचे चिन्ह असेल तर निर्मात्याने लिनक्ससाठी वेगळी फाइल दिलेली असते. जीओजी या ऑनलाइन गेम दुकानात विकत घेतलेल्या ज्या गेमना लिनक्स आवृत्ती असते, त्यांचा ऑफलाइन इंस्टॉलर उतरवून कायम जवळ ठेवता येतो. झोनॉटिकसारखा गेम तर निर्मात्यांच्या संकेतस्थळावरून झिप उतरवून, ती उलगडून थेट त्या फोल्डरमधूनच चालतो.

आता मूळ अडचणीकडे वळू. झिप उलगडल्यावर फाइल चालवायला गेले की पुष्कळदा ‘परवानगी नाकारली’ असा संदेश येतो, आणि तो वाचून बहुतेकांना वाटते की प्रशासकाचे अधिकार कमी पडले. प्रत्यक्षात त्या फाइलवर ‘हा चालवण्याजोगा प्रोग्रॅम आहे’ ही खूण नसते. विंडोजवर बांधलेल्या झिपमध्ये ती हरवते, आणि ब्राउझरने थेट उतरवलेल्या फाइलला ती मिळतच नाही. उपाय साधा आहे: फाइलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जावे, परवानग्यांच्या भागात ‘प्रोग्रॅम म्हणून चालवू द्या’ हा पर्याय निवडावा आणि गेम आपल्या नेहमीच्या खात्यातूनच सुरू करावा. जीओजीचा इंस्टॉलरही तुमच्या होम फोल्डरमध्येच गेम बसवतो. त्यालाही पासवर्ड लागत नाही.

सुडो लावला की गेम रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासकाच्या खात्यातून, चालतो. मग प्रगती एक तर रूटच्या होममध्ये साठते, जी पुढच्या वेळी साध्या खात्यातून दिसत नाही, किंवा तुमच्याच होममध्ये रूटच्या मालकीच्या फायली तयार होतात, ज्यांत तुमच्या खात्याला लिहिता येत नाही. ध्वनीची सेवा तुमच्या खात्यापुरती चालू असल्यामुळे आवाजही अनेकदा येत नाही. यांतले काही बिघडले की ग्राहक पुन्हा सुडो लावतात, आणि रूटच्या मालकीच्या फायली वाढत जातात. शिवाय अनोळखी ठिकाणाहून आलेल्या प्रोग्रॅमला संपूर्ण संगणकाची मालकी देणे हा धोका कोणत्याही गेमसाठी पत्करण्यासारखा नाही.

असा संगणक आमच्याकडे आला की आम्ही तो लगेच परत का देत नाही, असे काही जण विचारतात. सगळ्या होमची मालकी एका कमांडने बदलणे शक्य असते, पण त्याआधी रूटकडे अडकलेली प्रगती शोधून तिची प्रत घ्यावी लागते, नाही तर महिन्यांचा खेळ दुसऱ्या प्रतीखाली दबून पुसला जातो. त्या कामाला वेळ लागतो आणि तो आम्ही देतो.

नवीन संगणक बसवताना मागणी केल्यास आम्ही फ्लॅटहब जोडून देतो, ग्राफिक्स ड्रायव्हर तपासतो आणि बाहेरच्या गेमसाठी होममध्ये स्वतंत्र फोल्डर करून त्याची नियमित प्रत घेण्याची सोय लावतो. तरीही एखादा गेम अडला तर तो टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून), सुडोशिवाय सुरू करावा आणि उमटलेला मजकूर जसाच्या तसा आम्हाला पाठवावा. जीलिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी जुनी आहे, ॲपइमेजला (एकाच फाइलमध्ये बांधलेल्या प्रोग्रॅमला) लागणारा फ्यूज हा घटक नाही, की जुन्या गेमला ३२ बिटची लायब्ररी हवी आहे, हे त्या ओळींवरूनच बहुधा कळते आणि पुष्कळदा संगणक आमच्यापर्यंत आणण्याची गरजही उरत नाही.