मालवाहू वाहनांतील पर्यायी इंधने (भारत)

ट्रक, टेम्पो, पिकअप आणि मालवाहू तीनचाकी यांत डिझेलच्या जागी वापरली जाणारी ऊर्जासाधने : सीएनजी (दाबाखाली भरलेला नैसर्गिक वायू), एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू), वीज, जैवइंधने व हायड्रोजन. भारतातील रस्त्यावरची मालवाहतूक डिझेलवर उभी राहिली आणि आजही मुख्यतः त्यावरच चालते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील एकूण वाहनांत ट्रक अवघे ३ टक्के आहेत, पण वाहनांच्या धुरातील सूक्ष्म कणांत त्यांचा वाटा ५३ टक्के आहे. असे असले तरी गाडीमालक इंधन बदलतो तो हवेकडे पाहून नव्हे. सरकारी किंवा न्यायालयीन आदेश, डिझेल आणि गॅस यांच्या दरांतील तफावत, आणि गाडी रात्री कुठे मुक्कामाला येते, या तीन गोष्टींवर त्याचा निर्णय ठरतो.

पहिला मोठा धक्का आदेशाचाच होता. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीतील सर्व बसगाड्या सीएनजीवर आणण्याचे फर्मान काढले. मुदती वाढत गेल्या, दंड झाले, पंपांवर रात्रभर रांगा लागल्या. २००२ च्या अखेरीस बदल पूर्ण झाला. मुंबईत महानगर गॅस कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली आणि टॅक्सी-रिक्षा गॅसवर आल्या. प्रवासी वाहनांसाठी उभारलेल्या या पंपांचा आणि नळांच्या जाळ्याचा फायदा पुढे टेम्पोवाल्यांना आपसूक मिळाला.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि स्वस्त डिझेलचा काळ संपला. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारी भारत स्टेज ६ मानके लागू झाली. मोठ्या डिझेल इंजिनांत धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आली, सेन्सर आले, गाडीची किंमत वाढली. ज्या गाड्या दिवसाकाठी शे-दीडशे किलोमीटर फिरून गावातच परततात, त्यांच्या मालकांना सीएनजी परवडू लागला. २००५ साली बाजारात आलेला आणि ‘छोटा हाथी’ म्हणून ओळखला जाणारा टाटा एस हे या वर्गाचे ठळक उदाहरण. पुढे १९ आणि २८ टनी ट्रकही सीएनजीवर निघाले.

सीएनजी साधारण २०० बार दाबाने भरला जातो. सिलिंडर जड असतात आणि जागा खातात. तितके टनेज घटते, शिवाय एका भरणीतला पल्ला डिझेलच्या टाकीपेक्षा बराच कमी. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. पण खरी परीक्षा दराची. महाराष्ट्र सरकारने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरील मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला आणि मुंबईतला दर किलोमागे ६० रुपयांवर आला. युक्रेन युद्धानंतर आंतरराष्ट्रीय गॅस भडकला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाच दर ८६ रुपये झाला. डिझेल मात्र लिटरमागे ९४ रुपयांच्या आसपास थांबले होते. किलोमीटरमागचा फायदा आटताच नव्या सीएनजी ट्रकांची मागणी घसरली. एप्रिल २०२३ मध्ये देशी गॅसच्या दरासाठी नवे सूत्र आले, मुंबईत सीएनजी ७९ रुपयांवर उतरला आणि ग्राहक पुन्हा फिरकू लागले. ट्रान्सपोर्टरचे इंधनप्रेम किती पातळ असते, हे या वर्षभरात दिसले. त्यात त्याचा दोष नाही, कारण भाड्यातला मोठा हिस्सा इंधनातच जातो.

लांब पल्ल्यासाठी एलएनजी. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की द्रवरूप होतो आणि सुमारे ६०० पट कमी जागेत मावतो. त्यामुळे एका भरणीत हजार किलोमीटरहून अधिक पल्ला गाठता येतो. या इंधनाच्या कथेत महाराष्ट्र नुसता प्रेक्षक नाही. रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळ येथे आयात टर्मिनल आहे; जुलै २०२१ मध्ये नागपुरात एका खासगी उद्योगसमूहाचा एलएनजी पंप सुरू झाला; आणि सप्टेंबर २०२२ मध्ये चाकणला ब्लू एनर्जी मोटर्सने एलएनजी ट्रकांचे उत्पादन सुरू केले. अडचण टाकीची आहे. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर द्रवाचा वायू होऊ लागतो आणि दाब वाढल्यावर तो सोडून द्यावा लागतो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी तीव्र हरितगृह वायू असल्याने अशा गळतीत पर्यावरणीय लाभ गमावला जातो. म्हणून एलएनजी ट्रक शोभतो तो ठरलेल्या मार्गावर, दिवसरात्र पळणाऱ्या सिमेंट किंवा पोलाद कारखान्याच्या कामात.

विजेने सुरुवात खालून केली. मालवाहू तीनचाकी आधी आल्या, मग टाटा एस ईव्ही (मे २०२२, २१.३ किलोवॅट-तास बॅटरी, प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर). ऑनलाइन विक्रीचे पार्सल पोचवणाऱ्या कंपन्यांनी या गाड्या मोठ्या प्रमाणावर घेतल्या. गोदामातच रात्री चार्जिंग होत असल्याने त्यांना रस्त्यावरच्या चार्जरची फारशी गरज नसते. २०१८ पासून विजेवरच्या व्यापारी वाहनांना परमिटची अट नाही. त्यांची पाटी हिरवी, अक्षरे पिवळी.

अवजड ट्रकांत गणित बिघडते. किंमत डिझेल ट्रकाच्या दुपटीहून अधिक, आणि बॅटरीचे वजन थेट भारक्षमतेतून वजा होते. केंद्र सरकारच्या पीएम ई-ड्राइव्ह या विद्युत वाहनांच्या साहाय्य योजनेत विद्युत ट्रकांसाठी ५०० कोटी रुपये राखले असून एका ट्रकास कमाल ९.६ लाख रुपये साहाय्य मिळते. त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचे प्रमाणपत्र लागते. सध्या ही वाहने खाणी, सिमेंट कारखाने आणि बंदरे अशा बंदिस्त फेऱ्यांत दिसतात. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात सप्टेंबर २०२५ मध्ये अदलाबदलीच्या बॅटऱ्यांवर चालणारा ५० ट्रकांचा ताफा दाखल झाला. चार्जिंगसाठी तासन्‌तास थांबण्याऐवजी रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवायची, ही पद्धत कंटेनर ओढणाऱ्या गाड्यांना सोयीची ठरते.

जैवइंधनांचा ट्रकांशी संबंध अजून तोकडाच आहे. साखर कारखान्यांच्या राज्यात इथेनॉलची चर्चा मोठी. पण ते मिसळले जाते पेट्रोलमध्ये, डिझेलमध्ये ते सहज विरघळत नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने डिझेलमध्ये २०३० पर्यंत ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य ठेवले आहे, मात्र कच्च्या तेलबियांचा पुरवठा तितका नाही. शेण, मळी आणि शहरी कचऱ्यापासून बनवलेला बायोगॅस शुद्ध करून सीएनजीच्या पंपावर देता येतो, आणि त्याला वेगळे इंजिन लागत नाही. या यादीतला कमी गाजावाजा झालेला पण व्यवहार्य पर्याय हाच म्हणावा लागेल.

हायड्रोजन चाचणीच्या पायरीवर आहे. टाटा मोटर्सने मार्च २०२५ मध्ये १६ हायड्रोजन ट्रक मुंबई, पुणे, सुरत, जमशेदपूर आदी भागांतील मार्गांवर उतरवले. काहींत हायड्रोजनपासून वीज बनवणारे इंधनघट आहेत, काहींत हायड्रोजन जाळणारी इंजिने. ही चाचणी २४ महिन्यांपर्यंत चालायची असे तेव्हा ठरले.

देशातील बहुसंख्य ट्रक मोठ्या कंपन्यांचे नसून एक ते पाच गाड्या बाळगणाऱ्या मालकांचे असतात आणि ते बहुधा जुनी गाडी विकत घेतात. जुन्या डिझेल ट्रकाला गिऱ्हाईक कुठेही मिळते, आणि महामार्गावरचा कोणताही मिस्त्री तो उघडू शकतो. वापरलेल्या बॅटरीची किंमत मात्र अजून कोणी नीट ठरवू शकलेले नाही. त्यामुळे वित्तसंस्था विद्युत ट्रकासाठी व्याज जास्त आणि मुदत कमी लावतात, आणि छोट्या मालकाचा हप्ता तिथेच अडतो.