घोड्यांचं स्ट्रेचिंग

घोड्यांचं स्ट्रेचिंग म्हणजे स्वारीच्या घोड्याची मान, पाठ, खांदे आणि पुठ्ठे मोकळे राहावेत, अंग आखडू नये आणि दुखापत लांब राहावी म्हणून करून घेतलेले ताणाचे व्यायाम. यात ढोबळमानाने तीन प्रकार येतात. एक म्हणजे खाऊ दाखवून घोड्याला स्वतःच वळायला लावायचं, याला सगळे कॅरट स्ट्रेच म्हणतात. दुसरा, पाय हातात धरून हलकेच पुढेमागे ताणायचा. आणि तिसरा खोगिरावर बसून, म्हणजे गोल फेऱ्या, बाजूला सरकत चालणं वगैरे. लोकांना दुसरा प्रकार सगळ्यात भारी वाटतो कारण त्यात आपण काहीतरी करतोय असं दिसतं, पण खरी कमाई पहिल्यात आणि तिसऱ्यात आहे.

असं का, ते घोड्याच्या अंगाची बांधणी बघितली की कळतं. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं, म्हणजे पुढचे दोन पाय धडाला कुठल्याही सांध्याने जोडलेले नाहीत, छातीचा पिंजरा दोन्ही खांद्यांच्या मधे नुसत्या स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो, आणि उभ्या घोड्याचं साधारण 60 टक्के वजन या पुढच्या बाजूलाच येतं. त्यात वरून स्वार. ही झोळी आखडली की पाऊल आखूड पडतं. दुसरी गोष्ट, मानेत मणके 7 आणि पाठीत 18, तरी डावी-उजवीकडे खरी वळते ती मान, पाठ फार थोडी वळते. तिसरी गोष्ट म्हणजे डोक्याच्या मागून निघालेला एक जाड पट्टा मानेवरून पाठीपर्यंत जातो, त्यामुळे घोड्याने डोकं खाली नेलं की पट्टा ओढला जातो आणि पाठ वर उचलली जाते. डोकं वर ताठ धरून पाठ पोकळ करून चालणारा घोडा स्वाराला तर हाडं मोजायला लावतोच, पण स्वतःच्या मणक्यांवरही भार घेतो.

आणि गुडघ्याच्या खाली स्नायू जवळजवळ नसतातच, नुसत्या दोऱ्यांसारखे चिवट पट्टे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे टेंडन आणि हाडाला हाड बांधणारे लिगामेंट. शर्यतीच्या घोड्याची जी दुखापत सगळ्यात जास्त ऐकू येते ती इथलीच. पाय ओढून टेंडन लांब होत नाही, तेव्हा ‘पाय ताणले म्हणजे टेंडन सुटणार नाही’ हा हिशोब चुकीचा आहे.

कॅरट स्ट्रेच आज ज्या पद्धतशीर रूपात करतात ते बरंचसं नॅरेल स्टब्ज आणि हिलरी क्लेटन या दोन संशोधक बायकांच्या कामामुळे. 2011 साली त्यांच्या गटाचा एक अभ्यास आला, त्यात 8 घोड्यांकडून 3 महिने, आठवड्यातून 5 दिवस, प्रत्येक व्यायाम 5 वेळा असं करून घेतलं आणि मग अल्ट्रासाउंडवर पाठीचे मणके सांभाळणारे खोलवरचे स्नायू मोजले, तर ते जाड झालेले निघाले, शिवाय डाव्या-उजव्या बाजूतला फरकही कमी झालेला. म्हणजे नाव स्ट्रेच असलं तरी ही जोर-बैठकांसारखीच कसरत आहे, घोडा गाजरासाठी वाकतो तेव्हा तोल राखायला पोट आणि पाठ आवळून धरतो. आठ घोडे म्हणजे फार नाहीत हे मान्य, पण रोजच्या अनुभवाशी ते जुळतं.

करायची रीत अशी. घोडा सपाट जागी, चारही पाय चौकोनात ठेवून उभा करायचा, शक्यतो भिंतीला लागून म्हणजे बाजूला सरकून चकवणार नाही. आधी हनुवटी छातीपाशी, मग दोन गुडघ्यांच्या मधे, मग खाली पुढच्या खुरांपाशी. हे झाले पाठ उचलणारे. मग बाजूचे, हनुवटी तंगापाशी (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा), मग कुशीपाशी, मग मागच्या पायाच्या घोट्याकडे, दोन्ही बाजूंनी सारखं. शेवटी मान समोर लांब करायची. प्रत्येक ठिकाणी सुरुवातीला 5 सेकंद पुष्कळ. दोन्ही कान एका पातळीत आहेत का बघत राहायचं, एक कान खाली गेला म्हणजे घोडा वळत नाहीये, डोकं पिळून गाजर चोरतोय. झटका मारून हिसकलं तर व्यायाम वाया आणि मान दुखायची ती वेगळीच. गाजर आडवं चकत्या करून नको, घशात अडकू शकते, उभं लांब चिरायचं. आपल्याकडे घोड्याला गूळ द्यायची हौस असते, पण गुळाचा खडा बोटांत लपतो आणि घोडा मग बोटच धरतो.

गाजराशिवाय दोन युक्त्या आहेत. पोटाखाली तंगाच्या रेषेत मधोमध बोटांनी वर दाबलं की घोडा पाठ वर उचलतो, आणि पुठ्ठ्यावर शेपटीच्या दोन्ही बाजूंनी बोटं खाली ओढली की ढुंगण आत घेतो. दुसरी करताना बाजूला उभं राहायचं, नेमकं मागे नाही, हे सांगायला लागू नये पण लागतं.

पाय ताणायचे तर अंग गरम झाल्यावरच, म्हणजे स्वारीनंतर किंवा निदान 10-15 मिनिटं चालवून. थंड स्नायू ओढायचे नाहीत. पुढचा पाय गुडघ्यामागे आणि घोट्यापाशी धरून जमिनीजवळूनच पुढे न्यायचा, मागचा पाय पुढच्या पायाच्या दिशेने पोटाखाली, तोही सरळ रेषेत, बाहेरच्या बाजूला नाही. आपण ओढायचं नाही, घोडा सोडेपर्यंत थांबायचं, 15-20 सेकंदांत तो सुस्कारा टाकतो आणि पाय जड होतो. तंग आवळल्यावर पुढचे पाय एकेकदा पुढे घ्यायची जी जुनी सवय आहे तीही चांगली, तंगाखालची कातडीची सुरकुती निघते आणि जखम टळते. पण अति नको. 2009 मधे आलेल्या एका अभ्यासात 8 आठवडे आठवड्यातून 6 दिवस पाय ताणलेल्या घोड्यांची दुडकीतली काही सांध्यांची हालचाल उलट कमी झालेली दिसली, 3 दिवसवाल्यांत असा फरक दिसला नाही.

स्वारीतलं स्ट्रेचिंग सगळ्यात जुनं. फ्रान्सच्या ला गेरिनिएरने 18व्या शतकात शोल्डर-इन रुजवलं, त्यात घोडा किंचित वाकून तीन रेषांवर चालतो आणि आतला मागचा पाय पोटाखाली येतो. जर्मन पद्धतीत ताल झाला की लगेच दुसरी पायरी मोकळेपणाची, त्यानंतर बाकीचं. ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या शिस्तीतल्या चालींची स्पर्धा, त्यात याचंच प्रदर्शन असतं, 2023 ला हांगझोऊ एशियाडमधे भारताच्या टीमने त्यात गोल्ड आणलं, त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. साध्या स्वाराला मात्र लगाम सैल सोडून घोड्याला डोकं खाली-पुढे लांब करू देणं, 20 मीटरचे गोल, आणि जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून चालवणं एवढं जमलं तरी झालं.

माथेरानसारख्या ठिकाणी गाड्यांना बंदी असल्याने घोडे दिवसभर चढउतार करतात, तिथल्या किंवा कुठल्याही साध्या तबेल्यातल्या मोतद्दाराला कॅरट स्ट्रेच हा शब्द माहीत नसला तरी काम संपल्यावर खोगीर काढून घोड्याला धुळीत लोळू देणं, खरारा करणं, तळहाताने मालिश करणं हे सगळं त्याच वाटेवरचं. लोळून उठला की घोडा स्वतःच अंग मोडतो, मागचे पाय लांब करून आळस देतो.

लंगडणारा घोडा, सुजलेला पाय, मानेचे सांधे झिजलेला म्हातारा घोडा, यांना आधी डॉक्टर. एका बाजूला अचानक वळेनासा झाला तर जबरदस्ती न करता दात, खोगीर आणि नाल तपासायचे, बऱ्याचदा दुखणं तिथे असतं आणि आपण मान ताणत बसतो. जाड, खूर तापायची तक्रार असलेल्या घोड्याला गाजर मोजूनच, नाहीतर मूठभर वाळका चारा चालतो. आणि गाजर खिशात ठेवायचं नाही, बाजूच्या बादलीत ठेवायचं, नाहीतर आठवड्याभरात घोडा सगळ्यांचे खिसे हुंगत फिरतो.