दमून घरी आल्यावर दहा जणांचं जेवण

येसर, कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या पाकिटांसोबत आम्ही दुकान चालवणाऱ्या सहा जणी हा कागद देतो, कारण दुकानात एक प्रश्न ठरलेला असतो. "रात्री तुळजापूरहून परत येणार, घरात दहा-बारा माणसं, सगळी दमलेली. काय करू?" तुळजापूरच्या जागी कधी अक्कलकोट असतं, कधी पंढरपूर. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला आलेले पाहुणे असतात. विचारणारी बहुतेक वेळा तीच असते, जिला प्रवासातून उतरून थेट ओट्यापुढं उभं राहायचं असतं.

आमचं सांगणं असं की अशा रात्री भाकरी थापायला बसू नका. दहा जणांना दोन-दोन धरल्या तरी वीस भाकरी होतात, म्हणजे तव्यापुढं तासभर. त्यात पीठ जुनं असलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, भाकरी काठाला फुटते आणि पहिल्या चार भाकरींतच जीव मेटाकुटीला येतो. भाकरी आधीच झालेली असावी, आणि गॅसवर एकच मोठं पातेलं असावं. हे दोन जमलं की बाकीचं अर्ध्या तासात होतं.

येसर आमटी आणि कडक भाकरी

येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळलेलं पीठ. भाजायचं, दळायचं काम आधीच झालेलं असल्यानं आमटीला डाळ शिजवावी लागत नाही. पीठ भाजलेलं असल्यामुळं कच्चट वास येत नाही आणि रस्सा आपोआप दाट होतो. पूर्वी लग्नघरात येसर आधीच करून ठेवायचे, ते याचसाठी.

दहा जणांना तीन लिटर पाणी आणि दीडशे ग्रॅम येसर पुरतो. आधी येसर दोन वाट्या गार पाण्यात कालवून ठेवा. ही पायरी चुकवू नका. आमच्यातल्या एकीनं घाईत येसर थेट उकळत्या पाण्यात टाकला होता. पाहुण्यांच्या वाटीत लिंबाएवढ्या गुठळ्या गेल्या. पाहुणे भले, त्यांनी ते गोळे मुद्दाम सोडलेत असं समजून कौतुक केलं.

पातेल्यात चार मोठे चमचे तेल तापवा. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता आणि ठेचलेला लसूण घाला. लसूण लालसर झाला की आच बारीक करून दोन चमचे काळं तिखट आणि लगेच पाणी. तिखट तेलात जास्त वेळ राहिलं तर करपून कडू होतं. पाण्याला उकळी फुटली की कालवलेला येसर ओता, मीठ घाला (येसरात मीठ नसतं) आणि मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत उकळू द्या. चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा ज्याच्या त्याच्या आवडीनं. आमटी पातळच ठेवा. पंधरा मिनिटं नुसती बसली तरी ती दाट होते, आणि भाकरी पुष्कळ रस्सा पिते.

कडक भाकरी माणशी दोन ते तीन धरा. वाटीत नको, खोल ताटलीत कुस्करा, वरून गरम आमटी ओता, मिनिटभर थांबा. लहान मुलांना आणि दात नसलेल्यांना आणखी थोडं भिजू द्या. सोबत कांदा, लिंबाची फोड आणि शेंगाचटणी. चटणी तिखट वाटली तर दह्यात कालवा. चटणी भाकरी आणि दही एवढ्यावर भागवणारीही कितीतरी सोलापुरी घरं आहेत, त्यात कमीपणा काही नाही.

भाकरीची ज्वारी मालदांडी. मालदांडी ३५-१ हा वाण आपल्या मोहोळला निवडून काढलेला, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. पातळ थापून, भाजून, मग मंद आचेवर पार वाळेपर्यंत शेकली की भाकरीत ओल उरत नाही, म्हणून ती टिकते. पावसाळ्यात मात्र पाकीट उघडं राहिलं तर तासाभरात सादळते. सादळलेली भाकरी टाकू नका, कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी मिनिटभर ठेवा, पुन्हा कुरकुरीत होते.

पंढरपूरहून येणार असाल तर सुशीला

पंढरपूरहून घरी येणाऱ्याच्या पिशवीत प्रसादाचे चुरमुरे असतात, डाळंही असतं. ते आठ दिवस डब्यात पडून मऊ होण्यापेक्षा त्याच रात्री सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला पदार्थ, करा. आम्ही सगळ्या जणी शाळेतून आल्यावर हीच खाऊन वाढलो. बाहेरच्या जिल्ह्यात सुशीला म्हटलं की लोक बाईचं नाव समजतात.

दहा जणांना जेवणाऐवजी द्यायची तर पाऊण किलो चुरमुरे लागतील. जाडच घ्या, भेळेचे पातळ चुरमुरे पाण्यात विरघळून लगदा होतो. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन चुरमुरे थोडे थोडे बुडवायचे, अर्ध्या मिनिटात काढून हातानं पिळायचे. फोडणीत मोहरी, जिरं, शेंगदाणे, हिरवी मिरची, कढीपत्ता, भरपूर कांदा आणि हळद. कांदा मऊ झाला की चुरमुरे, मीठ, चिमूटभर साखर. दोन मूठ डाळं मिक्सरला फिरवून त्याचं पीठ शेवटी वरून भुरभुरायचं, सुशीला मोकळी होते आणि पोटालाही आधार मिळतो. लिंबू, कोथिंबीर. यात सगळ्यात वेळखाऊ काम कांदा चिरण्याचं, ते पाहुण्यांकडं सोपवा. सुशीला थांबत नाही, झाली की लगेच वाढा.

खिचडी आणि पिठलं

सगळ्यांना आधी खिचडी सुचते. चार जणांना ती उत्तम. पण ५ लिटरचा कुकर डाळ-तांदळाला अर्ध्यापेक्षा जास्त भरायचा नसतो, कारण दोन्ही फुगतात, फेस वर येतो आणि शिट्टीची वाट बुजू शकते. म्हणजे एका वेळी चार-पाच माणसांची खिचडी. दहा जणांना दोनदा कुकर लावावा लागतो आणि पहिला घास खाणारा दुसऱ्याची वाट बघत बसतो. करायचीच तर तांदूळ-डाळ भिजवून पातेल्यात करा.

पिठल्याला पाव किलो बेसन आणि दोन लिटरच्या आत-बाहेर पाणी, दहा जणांना कडक भाकरीसोबत पुरतं. बेसनही गार पाण्यात कालवूनच.

उरलं तर

मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो. भात किंवा खिचडी उरली तर पातेल्यात झाकून ओट्यावर रात्रभर ठेवू नका. परातीत पसरून लवकर गार करा आणि फ्रिजमध्ये टाका. आमटीही फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी खळखळून उकळूनच. शेंगाचटणीला ओला चमचा लावू नका. उन्हाळ्यात तीही फ्रिजमध्ये बरी. खवट वास आला की दाणा बिघडला, मग चव घेऊन बघत बसू नका.

वाढण्याआधी दोन गोष्टी पाहुण्यांना विचारा. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का? असेल तर चटणी आणि सुशीला दोन्ही त्यांना नको. गहू कुणाला चालत नाही का? आमच्या येसरात गहू आहे, कडक भाकरीत नाही. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी बिनलसणाची चटणी वेगळ्या उखळात कुटून देतो, पण दोन दिवस आधी सांगावं लागतं. फोडणीतला लसूणही मग वगळा, हिंग थोडा वाढवा.

नेहमीची पाकिटं दुकानात कायम असतात. संक्रांतीच्या आठवड्याचं सामान मात्र आधीच्या आठवड्यात घेऊन ठेवा. गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीला आम्हीही सहाच्या सहा जणी जातो, दुकान बंद असतं, आणि रात्री परतल्यावर आमच्या घरीही येसर आमटीच असते.